चौथ्या मजल्यावरची अमेरिका

मंगळवारी सकाळी बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी सुनंदाकाकींनी मनीप्लांटची एक कुंडी उचलली आणि पॅसेजच्या टोकाला, मोठ्या खिडकीखाली नेऊन ठेवली. सगळं सुरू झालं ते इथून.

एक कुंडी तर ठेवली, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. प्रांजलही तेच म्हणाली. वर "छान दिसतेय हो काकी" असंही म्हणाली. मी तिच्या दारात, तिच्या बाळाखाली पसरलेला होतो. मला मात्र धडकी भरली. कारण ही गोष्ट मला पाठ आहे. अडतीस वर्षं मी ती दर श्रावणात ऐकली आहे.

मी जगाचा नकाशा बोलतोय. साडेपाच फूट रुंद, चार फूट उंच, वर-खाली लाकडी दांडे, पुढे तेलकट चकचकीत रंग आणि मागे जाड पांढरं कापड. गिरगावातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्या अंगावर सोव्हिएत संघ अजून धडधाकट आहे, जर्मनी दोन आहेत. तेव्हा देशांच्या बाबतीत माझ्यावर फार विश्वास ठेवू नका. माणसांच्या सवयींबद्दल मात्र खुशाल ठेवा. त्या माझ्या छपाईनंतर काही बदललेल्या नाहीत.

छापखान्यातून मी थेट मुलुंडच्या एका पालिकेच्या शाळेत आलो. तिथे आठवीला मधुकर सर इतिहास शिकवायचे. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. बाकीचे धडे ते भराभर उरकायचे, पण अमेरिकेचा धडा आला की बाही वर सरकवायचे.

"मुलांनो, हा देश बघा," असं म्हणून ते माझ्या पोटावर पट्टी टेकवत. "इंग्रजांना हाकलून स्वतंत्र झालेला. दुसऱ्याचं राज्य आम्हाला नको म्हणणारा. शंभर वर्षं झाली, पोट भरलं, आणि मग याला दुसऱ्यांच्या घरांची फार काळजी वाटायला लागली."

मग पट्टी प्रशांत महासागरातल्या ठिपक्यांवर जायची. "हे हवाई. इथे हे लोक ऊस लावायला गेले. ऊस वाढला. उसाला वाटलं, आता इथे राणी कशाला हवी? राणीला घरी बसवलं. पाच वर्षांनी सगळी बेटंच खिशात."

मुलं हसायची. मग सर मला उलटा करायचे. माझ्या मागच्या कापडावर त्यांनी कपड्यांवर खुणा करायच्या पक्क्या शाईने दोन रकाने आखले होते. डावीकडे लिहिलं होतं 'काय म्हणाले', उजवीकडे 'काय घेतलं'. फिलिपिन्स: म्हणाले, स्पेनच्या तावडीतून सोडवू. घेतलं, फिलिपिन्स. पनामा: म्हणाले, जगाच्या सोयीसाठी कालवा खणू. घेतलं, कालवा आणि त्याच्या दोन्ही काठांची जमीन. क्यूबा: म्हणाले, तू स्वतंत्र. घेतलं, एक बंदर, आणि वाटेल तेव्हा घरात शिरायची परवानगी.

एका वर्षी मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "सर, आमच्या घरमालकाचंपण लिहू का?"

"त्याला वेगळा नकाशा लागेल," सर म्हणाले.

सगळ्यात खाली पहिलं महायुद्ध होतं. म्हणाले, जग लोकशाहीसाठी सुरक्षित करू. त्याच्यापुढचा उजवा रकाना सरांनी कोराच ठेवला होता. कुणी विचारलं की म्हणायचे, "परीक्षेत येणार नाही, म्हणून विचार करा."

आता प्रांजलबद्दल सांगतो. ती त्याच शाळेत सहावी-सातवीला होती. मला ऑफिसातून खांद्यावर टाकून आठवीच्या वर्गात पोचवायची ड्यूटी तिची. मी तिच्यापेक्षा लांब. जिन्यात माझा दांडा कुणालातरी लागायचा आणि बोलणी ती खायची. मला खिळ्यावर टांगून ती आपल्या वर्गात परत जायची. सातवी झाली आणि आई आजारी पडली म्हणून तिची शाळा सुटली. म्हणजे बघा, जगाचा भार दोन वर्षं वाहिला तिने, आणि अमेरिका होती आठवीत.

पुढे पोरं कमी झाली, शाळा बंद झाली. आम्हा सामानाला फाटकाबाहेर काढून ठेवलं. मोडकी बाकं, एक सांगाडा, दोन घंटा आणि मी. भंगारवाला दांड्यांचं लाकूड चाचपत होता तेवढ्यात रस्त्यावरून जाणारी सात महिन्यांची गरोदर बाई थांबली.

"दादा, तो देता का? मी उचलायचे त्याला."

रिक्षात मला तिरका घालून तिने घरी आणलं. नवरा सिद्धेश मढला शूटिंगच्या बंगल्यांवर लाइट लावायला जातो. त्याने मला बघून डोक्याला हात लावला. "अगं, सव्वादोनशे फुटांची खोली आपली. त्यात तू जग आणलंस?"

"बाळाला खाली घालायला होईल. वरून पाणी झिरपत नाही याच्यातून," प्रांजल म्हणाली.

आणि खरंच, मी त्याच कामाला लागलो. इरा जन्मली. तिला सव्वा महिन्यापासून माझ्यावर झोपवायला सुरुवात झाली. अडतीस वर्षं पट्टीचे टोले खाल्लेल्या महासत्तांवर एक चार किलोची पोर दिवसातून सहा वेळा शू करायची. मधुकर सरांनी बघितलं असतं तर एक सुटी जाहीर केली असती.

पण इराची छाती नाजूक निघाली. जरा धूळ, जरा कोंदट हवा, की घशात शिट्टी वाजायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी प्रांजलला शिकवलं होतं: बाळ शांत असताना पोटाकडे बघायचं, मिनिटभर श्वास मोजायचे. ती वर्षाची झाली की चाळीसच्या वर गेले तर उचलून आणायचं. आणि हवा खेळती ठेवायची.

हवा खेळती ठेवायची! डॉक्टरीणबाई झोपडपट्टी तोडून बांधलेल्या एसआरएच्या इमारतीत राहत नसाव्यात. प्रांजलच्या खोलीची खिडकी उघडते डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या अरुंद बोळात. तिथून येतो तो आठ घरांच्या फोडणीचा धूर आणि पाइपांचा वास. खरी हवा यायची ती एकाच ठिकाणाहून. पॅसेजच्या टोकाला, प्रांजलच्या दाराला लागून, मोठी खिडकी आहे. ती उघडी, दार उघडं, दारात मी आणि माझ्यावर इरा. डोंगरावरून वारा यायचा आणि पोर गाढ झोपायची. प्रांजल बाजूला बसून पोटाकडे बघत मोजायची. तीस. बत्तीस. एकोणतीस. मग कुठे ती स्वतः श्वास घ्यायची.

तर त्या खिडकीखाली कुंडी आली.

"रोपांनी हवा शुद्ध होते गं," सुनंदाकाकी म्हणाल्या. "तुझ्या पोरीसाठीच ठेवली."

मी मनात म्हटलं, ऊस लावला.

सुनंदाकाकी समोरच्या खोलीत राहतात. मजल्याच्या प्रमुख त्याच. कुणी निवडलं हे विचारू नका, कुणाला आठवत नाही. महिन्याभरात एका कुंडीच्या पाच झाल्या. रोपांना पाणी घालायला बादली हवी, बादलीला स्टूल हवं, म्हणून तेही आलं. मग काकींनी सांगितलं, "प्रांजल, पोरीला जरा आत घे हो, कुंड्यांना धक्का लागतो." त्यांनी राणीला घरी बसवलं. इरा तेव्हा चार महिन्यांची होती, तिने काही लढा दिला नाही.

नंतर आलं आजोबांचं बाकडं. धाकूआजोबा मजल्यावरचे सगळ्यात म्हातारे, गिरणीतून निवृत्त झालेले, मालवणकडचे. जुन्या चाळीतून त्यांनी एकच वस्तू आणली होती, सागवानी बाकडं. जिन्याशेजारचा एक भाडेकरू त्यावर दिवसभर पाय पसरून मोबाइल बघायचा, आजोबांना बसू द्यायचा नाही. काकी कंबर कसून उतरल्या. असं भांडल्या, असं भांडल्या की तो भाडेकरू दुसऱ्या महिन्यात दहिसरला गेला. सगळ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजोबा, बाकडं मोकळं झालं," काकी म्हणाल्या. "पण तुम्ही नका बसू हां त्यावर. वय झालं तुमचं. पडाल. तुम्हाला झेपेल तेव्हा देते." आणि बाकडं स्वतःच्या दाराशी लावून त्या त्यावर बसल्या.

फिलिपिन्सलाही असंच सांगितलं होतं. तुम्हाला अजून राज्य करता येत नाही, शिकलात की देऊ. तिथल्या लोकांनी आम्हाला येतं म्हणून बंदुका उचलल्या. त्यात लाखांवर माणसं मेली. आजोबांनी काही उचललं नाही. जिन्याच्या पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसायला लागले.

आता खोटं कशाला बोलू, काकींनी चांगलंही केलं. अमेरिकेनेही तेव्हा घरात केलंच की. डबाबंद मांसात काय काय घालतात ते शोधलं, औषधांच्या बाटल्यांवर खरं लिहायला लावलं, लहान पोरांना कारखान्यातून सोडवायचे कायदे केले. सर ते सांगताना आवाज खाली आणायचे, "हेही लिहा, नाहीतर तुम्ही अर्धवट शिकाल." तसंच इथे. काकींनी दुधात पाणी घालणाऱ्याला सगळ्यांसमोर पकडलं. ओला कचरा, सुका कचरा वेगळा झाला. दर शनिवारी फिनेल. झुरळं तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. भिंतीवर काकींच्या हातची पाटी लागली: 'पॅसेजमध्ये सामान ठेवू नये. हुकुमावरून.'

ती पाटी बरोबर त्यांच्या पाच कुंड्यांच्या वर होती. पाटी वाचायला कुंड्यांवरून वाकावं लागायचं.

आणि मग युद्ध पेटलं.

सुगंधा आणि रेवती शेजारी शेजारी राहतात. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून त्यांचं वाजलं. सुगंधाच्या साडीचं पाणी रेवतीच्या चपलांच्या रॅकवर गळलं, एवढंच निमित्त. आठवड्याभरात दोन्हीकडच्या नणंदा, जावा, दिवा स्टेशनाकडून आलेली एक मावशी, सगळ्या गुंतल्या.

"तुझी दोरी माझ्या दारावरून जाते, दिसत नाही?"

"तुझं दार माझ्या दोरीखाली आलंय, बघ जरा!"

काकी तीन महिने तटस्थ होत्या. "आपण नाय मध्ये पडायचं यार, शेजारधर्म आहे." पण सुगंधाला जाड दोरी कुणी दिली? काकींनी. चिमटे कुणी दिले? काकींनी. रेवती मागायला आली तर? "संपले गं. एखाददुसरा असेल, बघते." दोन्ही घरांतला चहा मात्र त्या रोज पीत होत्या. त्या काळात मजल्याचा प्रमुख पुन्हा निवडायची वेळ आली तेव्हा काकींनी हात जोडून सांगितलं, "मी या मजल्याला भांडणापासून लांब ठेवलं." त्या निवडूनही आल्या. अमेरिकेची एकोणीसशे सोळाची निवडणूक अशीच झाली होती. सहा महिने व्हायच्या आत तो देश युद्धात होता.

काकींना आठवडाच पुरला. कारण रेवतीने खालच्या मजल्यावरच्या एका बाईला मेसेज केला: 'तुम्ही माझ्या बाजूने उभ्या राहा, मग काकींच्या कुंड्यांची जागा तुम्हाला मिळवून देते.' तो मेसेज फिरत फिरत सुगंधाकडे आला, सुगंधाने काकींना दाखवला. अमेरिकेची जमीन मिळवून देतो म्हणून जर्मनीने मेक्सिकोला नेमकी अशीच तार केली होती, आणि तीही नको त्या हातात पडली होती. मला तर हसावं की फाटावं कळेना.

"माझ्या कुंड्या?" काकी उठल्या. "या मजल्यावर शांतता नांदायलाच हवी! सगळ्यांच्या भल्यासाठी!"

चार दिवसांत युद्ध संपलं. दोघीही थकलेल्याच होत्या. दोरी कापली, रॅक आत गेला, आणि तहाची अट म्हणून वादाचं सगळं सामान ठेवायला एक सामाईक कपाट आलं. लोखंडी, साडेसहा फुटी. दोरी, चिमटे, रॅक, सगळं त्यात. चावी काकींच्या कमरेला. कपाट कुठे ठेवायचं? कुंड्या जरा पुढे ओढल्या की टोकाची खिडकी होतीच की मोकळी.

त्या दिवसापासून पॅसेजमध्ये दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागायचा.

इरा आता चौदा महिन्यांची होती. घशातली शिट्टी परत आली. प्रांजल माझ्याशेजारी गुडघे टेकून मोजायची आणि मोजताना तिचेच ओठ पांढरे पडायचे. अडतीस. एक्केचाळीस. दवाखाना. वाफ. परत घरी. पुन्हा चाळीस. काकी रोज यायच्या हं विचारायला. ओव्याची गरम पुरचुंडी करून आणायच्या, इराच्या छातीला शेकायच्या. "पोरीला हवा लागत नाही गं तुझ्या खोलीत," असं त्याच म्हणायच्या. कपाटाला टेकून.

"बोल ना त्यांच्याशी," प्रांजल सिद्धेशला म्हणाली.

"आपण लहान माणसं गं. त्यांनी दूधवाल्याला सरळ केलं, आपल्याला करायला किती वेळ?"

एका दुपारी प्रांजलने मला पुसून उलटं वाळत घातलं, आणि पहिल्यांदाच माझी पाठ वाचली. ती बोट ठेवून वाचते. हवाई. फिलिपिन्स. पनामा. क्यूबा. 'काय म्हणाले.' 'काय घेतलं.' हवाईपाशी तिने कुंड्यांकडे बघितलं. फिलिपिन्सपाशी बाकड्याकडे. महायुद्धापाशी बराच वेळ थांबली. मग आतून बॉलपेन आणलं आणि सरांच्या रकान्यांखाली, बारीक अक्षरात, भीत भीत लिहायला लागली. पेन कापडात अडकत होतं. लिहून झाल्यावर तिने मला घाईघाईने गुंडाळून कॉटखाली सरकवलं, जणू चोरीच केली.

आठवीचा धडा झाला. पंधरा वर्षं उशिरा, पण झाला.

रविवारी सकाळी अकरा वाजता मजल्याची मीटिंग ठरली. विषय एकच, काकींनीच कळवलेला: कपाट भिंतीत बोल्ट मारून कायमचं पक्कं करणे. बोल्टवाला एक वाजता येणार होता.

इराने त्या सकाळी नेमकी मोठी कामगिरी केली होती, थेट ऑस्ट्रेलियापर्यंत. प्रांजलने मला धुतलं आणि जिन्याजवळच्या दांडीवर टाकलं. तेवढ्यात इरा खोकायला लागली म्हणून ती आत धावली. आणि पॅसेजमध्ये वाळत असलेली वस्तू दिसली की काकींचा हात आपोआप पुढे होतो. मीटिंगच्या टेबलाचं सनमायका उखडलेलं. त्यावर घालायला कापड हवं होतं.

"कुणाचं का असेना, मजल्याचंच आहे," काकी म्हणाल्या आणि त्यांनी मला ओढलं. "ही बाजू डागाळलीय. उलटं घाला." वर काय लिहिलंय ते त्यांनी बघितलं नाही. स्वतः लिहिलेल्या पाट्या सोडून काकी दुसरं काही वाचत नाहीत. माझ्यावर चिवड्याची ताटली आली, मीटिंगची वही आली, कमरेची चावी आली. जग असं मी पहिल्यांदाच पाठीवर घेतलं.

प्रांजल इराला कडेवर घेऊन बाहेर आली. तिची नजर टेबलावर गेली.   ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

धाकूआजोबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांना टेबलाला लागून बसवलं होतं. काकी बोलत होत्या, आजोबा चिवडा खात होते. खाता खाता त्यांनी ताटली जवळ ओढली.

"ह्या काय लिवलेला असा?" आजोबांनी चष्मा सारखा केला. बहिऱ्या माणसाचा आवाज, तो जिन्याखालपर्यंत गेला. "फिलिपिन्स. म्हणाले, स्पेनच्या तावडीतून सोडवू. घेतलं, फिलिपिन्स. ह्यो फिलिपिन्स कोण? बी विंगेतलो?"

सगळे हसले. काकीही हसल्या. "आजोबा, शाळेचं काहीतरी आहे ते. मुद्द्यावर या."

पण आजोबांचं बोट खाली सरकलं होतं. "धाकूआजोबांचं बाकडं. म्हणाले, आजोबा पडतील. घेतलं..." ते थांबले. मान वर करून काकी कशावर बसल्यात ते त्यांनी बघितलं. "अगो, ह्या तर माझा बाकडा!"

हसू थोडं उशिरा आलं, पण आलं ते मोठ्याने. सुगंधा आणि रेवती, चार महिने एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या, आपलं नाव शोधायला एकदम वाकल्या आणि डोक्याला डोकं लागलं.

"दोरी आणि रॅक," सुगंधाने वाचलं. "म्हणाले, मध्ये पडायचं नाही. अय्या, घेतलं, दोन्ही घरचा चहा!"

"आणि चिमटे दिले कोणाला ते लिहिलंय का?" रेवतीने विचारलं.

"सरक जरा, मला दिसू दे."

काकींनी माझं टोक धरून ओढलं. पण माझ्यावर आजोबांचे दोन्ही कोपर होते. आजोबा शेवटच्या ओळीवर आले होते. "सामाईक कपाट. म्हणाले, मजल्यावर शांतता नांदावी. घेतलं, इराची हवा."

 पॅसेजमध्ये दिवा गुणगुणत होता आणि इराच्या घशातली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. चौदा महिन्यांचं बाळ इतक्या मोठ्याने श्वास घेतं, हे त्या मजल्याने पहिल्यांदाच ऐकलं.

"कोणी लिहिलं हे?" काकींनी विचारलं.

सिद्धेशने बायकोकडे बघितलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी," प्रांजल म्हणाली. आवाज एवढासा होता. "काकी, रागावू नका. तुम्ही एकदा मोजा. मिनिटभर. तिच्या पोटाकडे बघायचं, वर आलं की एक. चाळीसच्या वर गेलं तर वाईट असतं. मी रोज मोजते, मला वाटतं मीच चुकत असेन. तुम्ही मोजा ना."

आणि तिने इराला काकींच्या मांडीवर ठेवलं. काकींना नाही म्हणता आलं नाही, पोर आधीच मांडीवर आली होती. रेवतीने मोबाइलवर मिनिट लावलं. काकी मोजायला लागल्या. आधी मनात, मग ओठ हलवत, मग मोठ्याने. तीसला त्यांचा आवाज चढा होता. चाळीसला उतरला. मोबाइल वाजला तेव्हा त्या जवळजवळ कुजबुजत होत्या.

"शेचाळीस," त्या म्हणाल्या. पुन्हा इराच्या पोटाकडे बघितलं. "अगं, मी तर तुमच्या भल्यासा..."

वाक्य पुरं झालं नाही. अडतीस वर्षांत ते वाक्य अर्ध्यावर थांबलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मधुकर सरांच्या वर्गात ते नेहमी पूर्ण व्हायचं.

मग सगळं भराभर झालं. सिद्धेश आणि आणखी तिघांनी कपाट उचललं, जिन्याच्या कोपऱ्यात नेलं. खिडकी उघडली. धुळीचा एक लोट आला, त्याच्यामागून वारा. सिद्धेशने मागे वळून बघितलंच नाही, इराला उचललं आणि दोघं नवराबायको दवाखान्यात पळाले. बोल्टवाला एक वाजता आला आणि आल्या पावली परत गेला.

आता चार महिने झाले. आजोबा बाकड्यावर बसतात. पडलेले नाहीत. सुगंधा आणि रेवती पुन्हा भांडतात, पण स्वतःच्या चिमट्यांनी. इराचे श्वास काल अठ्ठावीस होते. प्रांजल अजून मोजते. आता मोजताना मध्येच विसरते, हीच काय ती प्रगती.

काकींनी मीटिंगच्या वहीत लिहिलं: 'प्रमुखांच्या सूचनेवरून कपाट हलवण्यात आले.' ते वाचून मला सरांचा तो कोरा रकाना आठवला. जग सुरक्षित करायला गेलेल्यांनी घेतलं काय? आता मला उत्तर आलंय. शेवटचा शब्द. तह कुठे होणार, कसा होणार, पुढे इतिहासात कुणाच्या नावाने लिहिला जाणार, तो शब्द. मला हात असते तर लिहिलं असतं.

आणि हो, बाकीच्या चार कुंड्या काकींच्या घरात गेल्या, पण पहिली अजून खिडकीखालीच आहे. "एवढी राहू दे, हवा शुद्ध होते," काकी म्हणाल्या, आणि दमलेल्या मजल्याने राहू दिली. क्यूबाचं ते बंदरही असंच राहिलंय, सव्वाशे वर्षं होत आली. प्रांजल रोज कुंडीवर नजर ठेवून असते. एकाच्या दोन झाल्या का, ते बघते.

मी आता म्हातारा झालोय. वरचा दांडा कपाटाच्या धामधुमीत मोडला. आफ्रिकेचा रंग उडालाय आणि अटलांटिकला वास येतो, तो कशाचा ते सांगायला नको. प्रांजलने मला तिच्या दाराबाहेर टांगलंय, पाठ बाहेर करून. दोऱ्याने एक पेन बांधलंय. येणारे-जाणारे लिहितात. परवा आजोबांनी स्वतःच्याच मुलाबद्दल एक ओळ लिहिली. कापड भरत आलंय, अजून दोन-चार ओळी मावतील.

म्हणून जाता जाता एवढंच मागतो. उद्या कुणी तुमच्या दाराशी पहिली कुंडी ठेवेल, आणि ती तुमच्यासाठीच ठेवली असं सांगेल. छान दिसते म्हणा, हरकत नाही. पण घड्याळात बघा, वेळ लिहून ठेवा, आणि समोर एक रकाना आखा. नकाशा नसला तर कॅलेंडरची मागची बाजू चालते. आणि हे स्वतःपुरतं ठेवू नका. पाणी भरताना शेजारणीला सांगा, जिन्यात भेटेल त्याला सांगा, तिसऱ्या मजल्यावर तर आजच सांगा. काल सकाळी काकी तिथे गेल्या होत्या. हातात मनीप्लांट होता.